त्या दिवशी चूल पेटली होती

खुरासणी फुलून पिवळी झाली की माझ्या उजव्या पायाची नळी आतून ठसठसायला लागते. दुखतं म्हणावं इतकं ते दुखत नाही, आणि विसरावं इतकं थांबतही नाही. जव्हारहून मोखाड्याकडे निघालं की या दिवसांत उतारावरची शेतं पिवळ्या फुलांनी भरलेली असतात. वरच्या बाजूला नागलीची कणसं मुठी वळायला लागलेली असतात आणि खालच्या खाचरांत हळवं भात वाकलेलं असतं. शहरातली माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात. मी सायकलवरून पुढे जाते. त्या पिवळ्या रंगाबरोबर मला एक माणूस आठवतो, आणि तो आठवला की पायडलवरचा दाब आपोआप वाढतो. राग जुना झाला की निवतो असं म्हणतात. माझा निवलेला नाही. एका पावसाळ्याच्या शेवटी त्याला शिस्त लागली, एवढंच.

मी नर्स आहे. जव्हारपासून आत एका उपकेंद्रात माझी नेमणूक आहे. राहते जव्हारमध्ये, भाड्याच्या खोलीत. माझं गाव खोडाळ्याच्या पुढे, डोंगराच्या सोंडेवर बसलेला एक पाडा. वडील मी नर्सिंगला असताना गेले. आई, सोनीबाई, तिथेच राहते. नागली, भात, थोडा उडीद आणि तेलाची खुरासणी असं तिचं वर्ष चालतं. सुट्टी मिळाली की मी तिच्याकडे जाते.

ज्या माणसाबद्दल मी सांगते आहे तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी अकरा-बारा वर्षांची असेन. नुकताच टायफॉइड होऊन गेला होता. केस गळले होते, गळ्याची हाडं वर आली होती. आई मला कामाला हात लावू देत नव्हती. तिने मऊ भात आणि उडदाची पातळ आमटी भरवून मला उभं केलं होतं. मीच घरात बसून कंटाळले आणि मोठ्या मुलींच्या मागे लाकडं आणायला गेले. येताना रस्त्याच्या कडेला मोळी टेकवून दम खात बसले होते, तेव्हा एक पांढरी गाडी थांबली. ठाण्याकडची तरुण मंडळी होती, पाड्यांवर चादरी वाटायला आलेली. त्यातला एक उंच, गळ्यात कॅमेरा असलेला, माझ्यासमोर उकिडवा बसला. तोवर माझा फोटो कुणी काढला नव्हता. मी हसले. तो म्हणाला, "हसू नको. नुसती माझ्याकडे बघ." मी नुसतं बघितलं. मग त्याने मला बिस्किटाचा पुडा दिला आणि गाडी धूळ उडवत गेली. तो पुडा मी घरी नेऊन आईला दिला, आणि आईने तो सगळ्या पोरांत वाटला.

पुढच्या वर्षी तो फोटो कॅलेंडरवर आला. खोडाळ्याच्या बाजारात एका दुकानात ते टांगलं होतं. फोटोखाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं की हिच्या घरी दोन दिवस चूल पेटलेली नाही.

त्या कॅलेंडरमुळे चौकशीला सरकारी माणसं आली. वाईट नव्हती, आपलं काम करत होती. त्यांनी आईला विचारलं की पोरीला काय खायला देता. आई त्यांना घरात घेऊन गेली. कणगीचं तोंड उघडलं, कोपरापर्यंत हात आत घातला आणि मूठभर नागली काढून त्या साहेबांच्या तळहातावर ओतली. मग भाताच्या कणगीतून एक मूठ, मग उडीद. साहेबांच्या हातात मावेना तरी ती ओतत राहिली. शेवटी ती चुलीपाशी बसली, काडीने राख उकरली आणि खालचा लाल निखारा दाखवला. "मी लगीन होऊन आलं तवापासून ह्यो इझला नाय," ती म्हणाली. त्यांनी चहा घेतला, काहीतरी लिहिलं आणि निघून गेले.

निखारा त्या साहेबांनी पाहिला. बाजाराने पाहिला नव्हता. पुढच्या आठवड्यात आई खुरासणी विकायला खोडाळ्याला गेली तेव्हा ओळखीच्याच एका बाईने तिला सगळ्यांदेखत सांगितलं की सोनीबाय, आधी पोरीला घाल, मग विकाया आण. आईने पाटी उचलली आणि घरी आली. त्यानंतर तिने खोडाळ्याचा बाजार सोडला. मीठ-मिरचीलाही ती मोखाड्याला जाऊ लागली, अर्धा दिवस मोडून. वडील तिला समजावत राहिले. ती म्हणायची, तिकडं मला कुणी वळखत नाय, बरं हाय.

हे सांगताना एक गोष्ट मला स्पष्ट सांगायला हवी. आमच्याकडे भूक नव्हती असं मी म्हणत नाही. तिकडे वावर गावात पोरं उपासमारीने गेली तो काळ माझ्या जन्माच्या आसपासचा. मोठी माणसं त्याबद्दल फार बोलत नाहीत. बोललीच तर आवाज खाली करून बोलतात. आजही मी बाळं तराजूत घालते तेव्हा काही वेळा काटा पाहून बाळ उचलून पुन्हा तोलते. म्हणून तर मला त्या ओळीचा जास्त राग येतो. भूक खरी होती. ती आमच्या घरातली नव्हती. त्याला खऱ्या भुकेच्या दारापर्यंत चालत जायचा कंटाळा आला आणि रस्त्याच्या कडेला जी बसली होती तिलाच त्याने उपाशी करून टाकलं.

मग मी नर्स होऊन जव्हारला आल्यावर एका वर्षी पाऊस सरत आला होता. मी एसटी स्टँडसमोर भाजी घेत होते, आणि समोरच्या भिंतीवर मी दिसले. रंग थोडे उजळ केलेले, पण मीच. डोळे तेच, कपाळावरची खोक तीच. खाली तीच ओळ. वर लिहिलं होतं की थंडीत जव्हार ते मोखाडा आणि परत अशी मॅरेथॉन होणार आहे, या मुलीसाठी धावा. भाजीवाल्या मावशींनी मेथीची जुडी पुढे धरली होती आणि मी हात पुढे करत नव्हते. बाजारात त्या चेहऱ्याची भित्तिपत्रकं ठिकठिकाणी होती. मेडिकलच्या काचेवर, बँकेच्या कोपऱ्यावर, मी रोज जिथे चहा घेते त्या टपरीवर. टपरीवाल्याने मला ओळखलं नाही. कसा ओळखणार? ती मुलगी काडीसारखी, आणि मी आता चांगली भरलेली, साडीच्या निऱ्या सावरत जिना चढताना धापा टाकणारी बाई.

आयोजक जव्हारबाहेरचं शिरपामाळ बघायला आलेत आणि संध्याकाळी एका हॉटेलात माहिती द्यायला बसणार आहेत असं कळलं. मी ड्युटी संपवून तशीच गेले. आयोजक तोच होता, कॅमेरावाला. विक्रांत सर म्हणत होते त्याला सगळे. पन्नाशीला आलेला, केस पिकलेले, अंग मात्र वेतासारखं. ओळीने कितीतरी मॅरेथॉन धावलेला माणूस. बोलायला गोड. सगळ्यांचं झाल्यावर मी त्याच्यापाशी गेले आणि सांगितलं की फोटोतली मुलगी मी आहे, खाली लिहिलंय ते खोटं आहे, माझ्या आईला त्याचा फार त्रास झाला, हे काढून टाका.

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या पोटावर त्याची नजर थांबली, आणि तो हसला. वाईट हसला असंही म्हणता येणार नाही. एखाद्या लहान मुलाने गंमत केल्यावर हसतात तसा. "ताई, या भागात मला दर वर्षी कुणीतरी भेटतं आणि सांगतं, ती मुलगी मी आहे म्हणून," तो म्हणाला. "आणि असलात तरी काय? तो चेहरा आता कुणा एकीचा राहिलेला नाही. तो कामाला लागलाय."

मी म्हटलं, मला नाव नोंदवायचं आहे. त्याच्या शेजारच्या मुलीने महिलांसाठी छोटं अंतर आहे, फुगे वगैरे असतील, असं सांगितलं. मी म्हटलं, पूर्ण. तो पुन्हा हसला, आणि नाव लिहून घ्या म्हणाला.

त्या संध्याकाळी खोलीवर परत चालत येताना मी ठरवलं की याच्या पुढे जायचं. जिंकायचं वगैरे माझ्या मनातही आलं नाही. शंभर माणसं माझ्यापुढे गेली असती तरी चाललं असतं. एक माणूस मागे हवा होता.

दुसऱ्या दिवसापासून मी धावायला लागले. उजाडता उजाडता शिरपामाळच्या रस्त्याने जायचं, धाप लागेपर्यंत धावायचं, थोडं चालायचं, पुन्हा धावायचं. पहिले काही दिवस मला वाटलं की राग म्हणजे फुकटचं पेट्रोल आहे. दर पावलाला मी त्याचं हसणं डांबरावर आपटत होते. मग नळी दुखायला लागली. मी आणखी धावले. मग ती सुजली, आणि एक दिवस उपकेंद्राच्या पायरीवर पाय टेकवेना.

आमच्याकडे नाशिकहून आठवड्यातून एकदा मानसी मॅडम येत असत. फिजिओथेरपिस्ट. माझ्याहून लहान, बोलायला तुटक. त्यांनी नळीवर अंगठा दाबला आणि मी ओरडले तेव्हा विचारलं की याआधी कधी धावला होतात का. मी नाही म्हटलं. मग रोज का धावताय? मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चेहऱ्यावर काही आणलं नाही, आणि म्हणाल्या, "हाड मोडेल. मग तो पुढेच राहील."

हे वाक्य मला लागलं. त्यांनी तीन आठवडे धावणं बंद करायला लावलं, आणि नंतरही आठवड्यातून मोजकंच. बाकीचे दिवस क्रॉस ट्रेनिंग. तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. म्हणजे धावण्यासाठी धावणं सोडून बाकी सगळं करायचं. सायकल चालवायची, पोहायचं, कमरेचे आणि पोटऱ्यांचे व्यायाम करायचे. दम वाढतो, ताकद वाढते आणि नळीला विसावा मिळतो. मला पटेना. ज्याला गाठायचंय तो तिकडे रस्त्यावर धावतोय आणि मी इकडे पाण्यात डुंबायचं? पण पाय टेकत नव्हता, त्यामुळे दुसरा इलाजही नव्हता.

गिअर नसलेली एक जुनी सायकल मिळाली. मी उपकेंद्राला सायकलने जायला लागले आणि सुट्टीच्या दिवशी मोखाड्याच्या रस्त्याला. साडी सोडून पंजाबी ड्रेस आला. खुरासणी फुलायला लागली होती. सकाळी दरीत धुकं असे आणि वळणावर एकदम ऊन लागे. घाटाच्या चढावर उभं राहून पायडल मारताना मांड्या पेटत. सायकलवर रागावता येतं, हे मला लवकरच कळलं. चढावर राग उपयोगी पडतो, आणि उतारावर तो हातात धरून ठेवता येतो. शर्यत ज्या रस्त्याने जाणार होती तो रस्ता मी असा आधी चाकांनी शिकले. कुठे चढ दिसतो त्यापेक्षा लांब आहे, कुठे सावली आहे, कुठे डांबर उखडलंय.

पाण्यात मात्र रागावता येत नाही. आमच्या पाड्याखाली धरणाचा फुगवटा येतो. लहानपणी तिथेच म्हशींच्या मागे पोहायला शिकले होते. सुट्टीला गेले की सकाळी मी काठाकाठाने पोहत जायचे आणि वळून यायचे. पहिल्याच दिवशी पोहताना मला त्याची ती नजर आठवली, पोटावर थांबलेली, आणि श्वास चुकला. नाकातोंडात पाणी गेलं. पुन्हा आठवली, पुन्हा पाणी गेलं. पाण्याला तुमच्या अपमानाशी काही देणंघेणं नसतं. तिथे फक्त पुढचा श्वास कधी घ्यायचा एवढंच बघावं लागतं. हळूहळू मला असं जमायला लागलं की अर्धा तास तो माणूस जगात नाहीच. बाहेर आले, केस पिळले, की तो परत हजर. पण तो नसतानाचा अर्धा तास मी कुठेतरी साठवत होते, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

आणि ते व्यायाम. खोलीत चटईवर एका पायावर उभं राहायचं, पायरीवर चवडे ठेवून टाचा वर-खाली करायच्या, कुशीवर पडून पाय उचलायचा. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलं नाही. सुडाच्या गोष्टींत माणसं तलवारी परजतात. माझा सूड म्हणजे कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलणं.

नवरात्रानंतर कापणी सुरू झाली. मला वाटलं, हाही व्यायामच. दोन दिवस आईबरोबर भात कापलं आणि तिसऱ्या दिवशी कंबर धरली. मानसी मॅडम रागावल्या. शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असं लोक सहज म्हणतात. ज्यांनी दिवसभर विळा घेऊन वाकून पाहिलेलं नाही तेच असं म्हणतात. त्या कामाने अंग झिजतं. आईची पाठ बघा. मी भारे उचलायला पुढे झाले तर आईने हात धरला. "डोस्क्यावर काय घेऊ नको," ती म्हणाली. "कुणी फोटू काढंल परत."

तिला तोवर मी काही सांगितलं नव्हतं. पोरीला डॉक्टरने वजन कमी करायला सांगितलंय आणि त्यासाठी धावायचंय एवढंच तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ती फुगवट्यावर कपडे धूत होती आणि मी पोहून काठाला आले. तिने विचारलं, "धावायचं हाय म्हणतंस, तं पाण्यात काय करतंस?" मी तिला समजावून सांगितलं की दम तोच राहतो, पायावर भार येत नाही. ते तिला लगेच कळलं. नांगराचा बैल गाडीला जुंपला तरी छाती तीच, ती म्हणाली. मग तिने लुगडं पिळता पिळता विचारलं की धावायचं कुणासाठी.

मी सांगितलं. भिंतीवरचे फोटो, हॉटेल, त्याचं बोलणं, सगळं. ती पिळत राहिली, पाणी संपलं तरी पिळत राहिली.

"तेच लिवलंय? चुलीचं?"

"तेच."

 पलीकडच्या काठावर कुणीतरी गुरं पाण्यावर आणली होती, तिकडे ती बघत राहिली. मग लुगडं खडकावर पसरून तिने त्यावर चारी कोपऱ्यांना दगड ठेवले.

"मंग त्याच्या फुडं जा," ती म्हणाली. "त्याला तुझी पाठ दिसली पायजे."

डिसेंबरातली ती सकाळ चांगली गार होती. जव्हारच्या मैदानावर मंडप, भोंगा, शहरातून आलेली माणसं. स्टेजच्या मागे फ्लेक्सवर मी, दोन माणसांच्या उंचीची, आणि पायाशी ती ओळ. आई आदल्या दिवशीच माझ्या खोलीवर आली होती. ती मंडपाच्या कडेला उभी राहिली, डोक्यावर पदर घट्ट ओढून. वाचता येत नसलं तरी आपल्या पोरीचा चेहरा तिला वाचता येत होता. ती त्या फ्लेक्सकडे एकदाच बघून दुसरीकडे वळली.

विक्रांत सर सुरुवातीला भाषण करून सगळ्यांच्या पुढे निघाले. मी मागे राहिले. मॅडमनी बजावलं होतं की पहिला अर्धा भाग आपला नसतो. उतारांवर मी पाय आवरले. बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. एकीने ओळखलं आणि नर्सबाई कुठं निघाल्या म्हणून विचारलं. मोखाड्याच्या अलीकडे वळायचं होतं. मी वळणाच्या आधी असतानाच तो वळून परत येताना समोरून आला. हलका, ताजा, फोटोवाल्यासाठी अंगठा वर केलेला. माझ्या बाजूने जाताना टाळी देत म्हणाला, "छान ताई, हळूहळू चालू ठेवा." त्याने मला ओळखलं नव्हतं.

माझं डोकं फिरलं. वळले आणि सुटलेच. किती वेळ ते आता सांगता येणार नाही, पण जेव्हा भान आलं तेव्हा छाती फुटायला आली होती आणि नळी ठणकत होती. तेव्हा मला पाणी आठवलं. मी पाण्यात आहे असं धरलं. श्वास घ्यायचा, सोडायचा, पुढचा घ्यायचा. तो माणूस नाही. मोखाडा नाही, जव्हार नाही. मग पाय आपले आपण पडायला लागले. पुढे लोक चालताना दिसायला लागले, बसलेले दिसायला लागले. मी वेगवान नव्हते आणि आजही नाही. मी फक्त संपले नव्हते.

जव्हारच्या आधीच्या लांब चढावर तो कठड्यावर बसलेला दिसला. एक पाय ताठ, पोटरीत गोळा आलेला, चेहरा पांढरा. आजूबाजूला कुणी नव्हतं. पाण्याचं टेबल मागे राहिलं होतं आणि पुढचं वळणापलीकडे. मी जवळ आल्यावर त्याने हात वर केला आणि विचारलं, "ताई, मीठ आहे का? काहीतरी द्या."

माझ्या कमरेला बाटलीत मीठ-साखरेचं पाणी होतं. मी थांबले. बाटली हातात घेतली आणि हातातच ठेवली.

"मी मंगल," मी म्हटलं. "पोस्टरवरची. तुम्ही फोटो काढलात त्या दिवशी माझ्या घरी चूल पेटली होती. तसं म्हणा."

तो आधी हसला. मग माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबलं. म्हणाला, ताई, पाय बघा ना. मी म्हटलं, पाय दिसतोय मला. म्हणा. त्याने बाटलीकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. एक धावणारा मुलगा आमच्या बाजूने गेला, त्याच्यासमोर तो गप्प राहिला. मग खाली मान घालून म्हणाला की चूल पेटली होती. मी म्हटलं, कुणाच्या घरी? तो म्हणाला, तुमच्या घरी चूल पेटली होती.

मग मी त्याला पाणी दिलं. त्याची टाच धरून चवडा मागे दाबला, पोटरी सैल होईपर्यंत धरून ठेवला. ते माझं काम आहे आणि ते मी नीट केलं. पाणी आधी का दिलं नाही, असं मला नंतर एक-दोघांनी विचारलं. नर्स असून? मी त्यावर खूप विचार करून पाहिला. पोटरीतल्या गोळ्याने माणूस मरत नाही. आणि मला वाईट वाटलं नाही, तेव्हा नाही आणि अजूनही नाही. मी उठले आणि चढ चढायला लागले. मागे वळून पाहिलं नाही, कारण त्याला काय दिसतंय ते मला माहीत होतं.

मैदानात शिरले तेव्हा आईने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती फक्त माझ्या मागे बघत होती, रस्त्याकडे. कुणी येत नाही अशी खात्री झाल्यावर तिने माझ्या हातात तांब्या दिला.

इथेच संपलं असतं तर मी कदाचित खूश होऊन घरी गेले असते. पण तो आला, लंगडत, दोघांच्या खांद्यावर हात टाकून, आणि थोड्या वेळाने माईक त्याच्या हातात गेला. त्याने सगळ्यांचे आभार मानले. मग मागे वळून हात वर केला आणि म्हणाला की या मुलीसाठी आपण धावलो, जिच्या घरी... पुढचं मी ऐकलंच नाही. प्रथमोपचाराच्या टेबलापाशी माझ्याच ओळखीची नर्स बसली होती. मी तिच्यासमोरची बँडेजची कात्री उचलली, स्टेजवर चढले, मागे गेले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. पाय इतके थरथरत होते की खालची दोरी मी गुडघ्यावर बसून कापली. फ्लेक्स पुढच्या बाजूला, त्याच्यावरच कोसळला. तो त्याखालून रांगत बाहेर आला. माईक खाली पडला होता. तो मी उचलला आणि म्हटलं, "ही मी आहे. ही माझी आई, सोनीबाई. आमची चूल कधी विझली नाही. हे यांनी आत्ता रस्त्यावर मला स्वतः सांगितलंय, विचारा यांना."

कुणीतरी खरंच विचारलं. मागच्या रांगेतून, बाईचा आवाज होता. तो मान खाली घालून उभा राहिला आणि शेवटी हो म्हणाला.

फ्लेक्स आईने गुंडाळला. मी म्हटलं, टाकून दे. ती बोटांत त्याची जाडी तपासत होती. "जाड हाय," ती म्हणाली. "खळ्यात व्हईल." पुढच्या आठवड्यात मी गेले तर तिने तो खळ्यात पालथा अंथरला होता, चित्र जमिनीकडे, आणि वर नागलीची कणसं पसरून काठीने झोडत बसली होती. मीही काठी घेतली. आम्ही दोघी दुपारपर्यंत झोडत होतो. लालसर दाणे उडत होते, भुसा केसांत बसत होता, आणि माझ्या पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की बसलं की उठता येत नव्हतं. इतकं सुख मला कधी झालं नाही.

पोस्टरं गेली. ठाण्याकडे कुणाच्या अंगावर तो चेहरा छापलेला टी-शर्ट अजून असेल. तिथपर्यंत माझी कात्री पोचत नाही. ते मला खुपतं आणि खुपत राहणार. म्हणून सायकल सुटलेली नाही, आणि पाण्यातही मी उतरते. मानसी मॅडम म्हणतात की आता धावायला कारण लागत नाही तुम्हाला. मी टाचा उचलत राहते.

परवा, खुरासणीच्या या दिवसांत, आईकडे असताना माझ्या फोनवर त्याचा निरोप आला. लांबलचक होता, नम्र होता. यंदा पुन्हा धावायचं ठरलंय, माझा धावतानाचा एक छान फोटो कुणीतरी काढलेला आहे, हसरा आहे, तो पोस्टरवर लावायची परवानगी मिळेल का. मजकूर मी सांगीन तोच असेल. मी तो आईला वाचून दाखवला. ती उडदाच्या शेंगा सोलत होती. तिने पुन्हा एकदा वाचायला लावला. परवानगी म्हणजे काय ते विचारलं. मी सांगितलं, आपण हो म्हटलं तरच.

"आणि तू काय लिवलंस?"

मी म्हटलं, अजून काही नाही.

आईने शेंगेतले दाणे सुपात टाकले आणि पुढची शेंग घेतली.

"लिवू नको," ती म्हणाली. "मागू दे त्याला. दरसाल मागू दे."